भिंतीचा तेवढा तुकडा

आपलाच आवाज बाहेरून ऐकू आला की तो आधी परका वाटतो, मग थोडी लाज वाटते आणि मग माणूस हसून वेळ मारून नेतो. ठकीचं त्या दुपारी तसं झालं नाही. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ती बरीच वर्षं फोन घेत होती, आणि नव्याने लागलेल्या मुलांना शिकवण्यासाठी साहेबांनी तिचाच एक जुना कॉल लावला होता. तापलेल्या गिऱ्हाइकाला थंड कसं करावं, याचा नमुना म्हणून. घरभर पाणी झालंय, खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला आलेत, असं गिऱ्हाईक ओरडत होतं. मध्येच तिचा आवाज आला, मऊ, खालच्या पट्टीतला: "तुम्ही अजिबात काळजी करू नका. सगळं व्यवस्थित होणार आहे. मी आहे ना." त्या 'ना'वर आवाज जरा रेंगाळला आणि गिऱ्हाईक खरोखरच खाली आलं. मुलांनी माना डोलावल्या, साहेबांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. हेच वाक्य, ह्याच पट्टीत, 'ना'वर असंच रेंगाळून, आदल्या संध्याकाळी तिने दादाला ऐकवलं होतं. आणि दादाने हातातला पेला तिच्या कानाजवळून भिंतीवर फेकला होता. आत्तापर्यंत तिला वाटत होतं की दादाला कसला तरी झटका आला आणि आपण त्याला शांत करू शकलो नाही. आता पहिल्यांदाच मनात आलं, की आपण शांत केलं म्हणून तर त्याने पेला फेकला नसेल? विचार विचित्र होता. पण एकदा आला तो आलाच, आणि पुढचे सगळे फोन घेताना ती स्वतःच्या बोलण्याकडे कान देऊन बसली, जणू पलीकडे दादाच होता.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती शाळेत होती आणि तो नुकता मिळवता झाला होता. तिला वाढवलं त्यानेच, वेणी घालण्यापासून ते तिच्या लग्नात पाहुण्यांना पाणी विचारण्यापर्यंत सगळं केलं. ठकी हे घरातलं नावही त्यानेच ठेवलेलं, आणि त्या नावाने हाक मारणारा आता तो एकटाच उरला होता. गेल्या वर्षी गॅस तसाच सोडून तो भलत्याच रस्त्याला सापडला, मग पुन्हा सापडला, आणि शेवटी तिने हात टेकले. ज्या शुश्रूषागृहात तिने त्याला ठेवलं ते स्वच्छ होतं, माणसं वाईट नव्हती. दिवसभर तो बरा असे. तिला ओळखायचा, जेवायचा, बातम्या ऐकून नाक मुरडायचा. संध्याकाळ व्हायला लागली की बदलायचा. उठायचा, ओसरीसारख्या लांबलचक मधल्या वाटेवर फेऱ्या घालायचा, येईल त्याचं मनगट पकडायचा आणि ओढायचा. सोडवायला गेलं की बोचकारायचा. ज्याला सगळे नुसतं ब्रदर म्हणत त्या उंच नर्सच्या हातावर ओरखड्यांची नक्षी झाली होती. पेल्याच्या प्रकारानंतर मेट्रनबाईंनी ठकीला खोलीत बोलावून सांगितलं, की ह्या आठवड्याअखेर डॉक्टर येतील, आणि हे असंच चाललं तर दादांना वरच्या मजल्यावर हलवावं लागेल. बाई हे रागाने बोलल्या नाहीत, उलट त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. वरचा मजला ठकीने एकदाच पाहिला होता, लिफ्ट चुकून तिथे उघडली तेव्हा. कुलपाचं दार, जाळीतून दिसणाऱ्या खुर्च्या, आणि औषधाने मऊ झालेली, हनुवटी छातीवर टेकलेली माणसं. कोणी ओरडत नव्हतं. दादा वर गेला तर त्याचा राग जाईल, पण रागाबरोबर दादाही जाईल, याची तिला खात्री होती. तिला त्या वरच्या मजल्याची फार भीती वाटत होती.

कारणं तर ती पेल्याच्या कितीतरी आधीपासून शोधत होती. तक्रार विभागातल्या बाईला दुसरं काय सुचणार. यंत्र थरथरतं म्हटलं की आधी पाय समतल आहेत का विचारायचं, मग कपडे किती भरले ते, मग पाण्याचा नळ. तिने दादाचे दात तपासून घेतले. पोट साफ होतं का विचारून तिथल्या कामवाल्या मावश्यांना वैताग आणला. खोलीतला दिवा बदलला, शेजारच्या म्हातारबुवांचा रेडिओ बंद करायला लावला, त्यावरून म्हातारबुवा तिच्याशी बोलेनासे झाले. आरशातल्या माणसाला तो बिचकत असेल म्हणून आरशावर टॉवेल टाकला. दादाने तो काढून नीट घडी करून ठेवला. बनियनचं लेबल टोचत असेल म्हणून तेही उसवलं. प्रत्येक वेळी एखाददोन संध्याकाळी बऱ्या जायच्या, तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि पुन्हा मनगटं, पुन्हा ओढाओढ. "काय पाहिजे दादा, एकदा सांग तरी," असं तिने हात जोडून विचारलं, तर तो तोंड घट्ट मिटून तिच्याकडे नुसता बघत राहिला. बोलता येत असून न बोलणाऱ्याचं ते तोंड होतं. हे मात्र तिच्या लक्षात राहिलं. शब्द सापडत नाहीत तेव्हा माणूस चाचपडतो, ओठ हलवतो. दादा मुद्दाम गप्प होता.

स्वतःचा आवाज ऐकला त्या संध्याकाळी ती गेली ती ठरवूनच, की आज काही करायचं नाही. शांत करायचं नाही, समजवायचं नाही, फक्त बघायचं. ब्रदरला तिने तसं सांगितलं तेव्हा त्याने आपल्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, बघायला काय जातंय. वाटेच्या टोकाला एक उंच खिडकी होती आणि तिच्यातून येणारा उजेड हळूहळू पातळ होत होता. छतावरचे नळीचे दिवे अजून लावले नव्हते. दादा खोलीतून बाहेर आला, दोन फेऱ्या झाल्या, आणि तो भिंतीच्या एका जागी थांबला. तिथे त्याने बोट फिरवलं. मान तिरकी केली, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग जाणाऱ्या एका मावशीचं मनगट धरून त्याने तिला भिंतीजवळ आणलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मावशी हसून म्हणाल्या, हो हो काका, छान आहे, सगळं छान आहे. दादाचा चेहरा असा पडला की ठकीला तिथेच उठावंसं वाटलं. त्याने मनगट आणखी घट्ट आवळलं. मावशी ओरडल्या, ब्रदर धावला, आणि मग रोजचं ते सुरू झालं. ह्या वेळी मात्र ठकी दादाकडे धावली नाही, भिंतीकडे गेली. मागे कधीतरी आतला पाइप फुटला होता, तेवढी भिंत फोडून बुजवून पुन्हा रंगवली होती. नळीच्या दिव्यात काही दिसलं नसतं. पण त्या पातळ उजेडात तेवढा तुकडा बाकी भिंतीपेक्षा नखभर पिवळा होता.

दादाने आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम केलं. गिऱ्हाइकाने दिलेल्या नमुन्याशी नवा रंग जुळला की नाही ते डोळ्यांनी सांगायचं, एवढंच काम, आणि त्याच्यावर डबेच्या डबे भरून गाड्या जायच्या किंवा अडायच्या. घरात त्याचा जाच काही कमी नव्हता. त्याच्याबरोबर पांढरा शर्ट आणायला गेलं की दुकानदाराच्या नाकी नऊ यायचे. पांढऱ्यात हा निळा आहे, हा राखेवर गेलाय, असं करत अख्खी दुपार. ठकीने पहिल्या पगारातून कोट शिवला तेव्हा तो बराच वेळ तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, बाही आणि पाठ एका ताग्यातल्या नाहीत. ती रडली होती. नवऱ्याने तो कोट दोनदा पाहून सांगितलं की भाऊ तुझा वेडा आहे, आणि पुढे कितीतरी वर्षांनी, कोट विटल्यावर, बाही वेगळी आणि पाठ वेगळी स्पष्ट दिसायला लागली. त्याचं लग्न का झालं नाही, यावरही नातेवाइकांत हाच विनोद चालायचा, की मुलगी सांगून आली की हा तिला खिडकीपाशी नेतो. हे सगळं तिला नेहमीच आठवत असे. पण त्या संध्याकाळी, बोट भिंतीवर ठेवून उभी असताना, तिला आठवली ती कारखान्यातली खोली. शाळा सुटल्यावर विसरलेला डबा द्यायला ती एकदाच तिथे गेली होती. उत्तरेकडे एक खिडकी, खाली लांब फळी, फळीवर रंग दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. दादाने एक पट्टी नमुन्याला लावून पाहिली, मान तिरकी केली, आणि एक शब्द न बोलता पलीकडे बसलेल्या जोडीदाराचं मनगट धरून त्याला खिडकीशी आणलं. तिने विचारलं होतं की तोंडाने का नाही बोलावलं. दादाने ती रीत तेव्हा सांगितली होती. एकट्या माणसाने रंग पास करायचा नाही. दुसऱ्यानेही बघायचं. आणि पहिल्याने आपल्याला काय वाटतं ते आधी बोलायचं नाही, नाहीतर दुसरा त्याच्याच डोळ्यांनी बघतो. म्हणून नुसतं मनगट धरायचं, उजेडात आणायचं आणि तो काय म्हणतो याची वाट बघायची.

ठकीला इतका आनंद झाला की ती तशीच मेट्रनबाईंकडे गेली. आणि इथे तिने तेच केलं जे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं: तक्रार कळली, आता दुरुस्ती. बाईंना ते पटायला वेळ लागला, पण भिंत रंगवायची निघालीच होती, आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने खालपासून वरपर्यंत सगळी भिंत एका डब्यातून काढली. संध्याकाळी ठकी मुद्दाम लवकर गेली. त्या उजेडात तिने स्वतः भिंत पाहिली, डोळे फाडफाडून पाहिली, कुठे काही नव्हतं. दादा आला, भिंतीपाशी थांबला, हात फिरवला, आणि पुढे गेला. ठकीने ब्रदरकडे पाहून हसून घेतलं. खिडकीला दोन पडदे होते. एक उन्हाने विटलेला, दुसरा नवा. दादाने दोन्ही हातात धरून शेजारी शेजारी आणले, आणि वळून ठकीचं मनगट पकडलं. तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर पडदा बदलायला सांगू. मग खुर्च्या बदलू, मग चादरी, मग ताटं. सगळ्या जगाचा रंग एका डब्यातून काढायचा. तिच्या तोंडाने तोवर सवयीने सुरुवातही केली होती, "काही नाही दादा, काळजी..." आणि मनगटावरची पकड वाढली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. ती इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होती. त्या डोळ्यांत घाई होती आणि कोणीच येत नसल्याची भीती होती. जणू बाहेर कारखान्याची गाडी भरायला उभी आहे, आणि ज्याला आणतो तो न बघताच हो म्हणतो. ज्याला पट्टी दाखवावी तो आपलंच तोंड बघून हसतो. त्याला भिंत नको होती, पडदा नको होता, त्याला दुसरा माणूस हवा होता. ठकीने तोंड मिटलं आणि पडद्यांकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, मान तिरकी करून, जितका वेळ लागेल तितका. मनगट दुखत होतं.

"नाही," ती म्हणाली. "जुळत नाही."

दादाने श्वास सोडला. पकड सैल झाली, पण हात त्याने तिथेच ठेवला. "डावा गेलाय," तो म्हणाला. "मला केव्हाचं वाटतंय."

"डावा गेलाय," ती म्हणाली. "पास नको करूस."

"मी कशाला करतोय." एवढं बोलून तो जवळच्या बाकावर जाऊन बसला, पाय पसरले, आणि थोड्या वेळाने त्याने जेवणात काय आहे ते विचारलं. ब्रदर भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे काकांना चूक म्हटलं की बरं वाटतं?" ठकीला हसू आलं आणि रडूही आलं. तिने सांगितलं की चूक काकांना नाही म्हणायचं, पडद्याला म्हणायचं. आणि ते खरं असेल तरच.

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. माणसाच्या वेडाला खतपाणी घालायचं, हे त्यांच्या शिक्षणात बसत नव्हतं. पण ओढाओढ थांबली हे त्यांना दिसत होतं, आणि डॉक्टर आले तेव्हा वरच्या मजल्याचं नाव त्यांनी काढलं नाही. ब्रदर तर त्यात रमला. दोघं हाताची घडी घालून उशांच्या अभ्र्यांपुढे उभे राहायचे आणि धोब्याच्या नावाने बोटं मोडायचे. एकदा ब्रदरने कंटाळून न बघताच जुळत नाही म्हणून टाकलं, तर दादाने त्याला पुन्हा उजेडात नेलं. ते अभ्रे जुळत होते. ठकीला ह्या सगळ्याचं फार कुतूहल वाटायला लागलं. इतकी वर्षं ती माणसं शांत करत आली होती, आणि माणूस कशाने शांत होतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने ऑफिसात फोनवर एका बाईला सरळ सांगून टाकलं, की तुमच्या यंत्राचा तो भाग ह्या महिन्यात काही येत नाही, मीही तुमच्या जागी असते तर वैतागले असते. मग बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, मी बहिणीकडे धुऊन आणते. साहेबांनी तो कॉल ऐकला आणि ठकीला बोलावून घेऊन चांगलंच फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मनात बघत राहिली, की हे रागावताहेत ते नक्की कशाने.

पण एक गोष्ट तिने अजून केली नव्हती. दादा अधूनमधून, बहुतेक जेवणानंतर, विचारायचा की आपण घरी कधी जायचं. सगळेच सांगायचे, उद्या. मावश्या सांगायच्या, ब्रदर सांगायचा, आणि ठकीही सांगायची, 'उद्या जाऊ ना', तोच मऊ आवाज लावून. तो मान हलवायचा आणि त्या रात्री त्याला झोप लागायची नाही. त्याच्या राहत्या खोल्या तिने केव्हाच परत केल्या होत्या. तिथे आता एक जोडपं राहत होतं. पडदे, अभ्रे यांच्याबाबतीत तिला आलेलं धैर्य इथे येत नव्हतं, कारण इथे जुळत नाही असं म्हणायचं ते तिला स्वतःलाच लागू होत होतं. तिनेच त्याला इथे आणलं होतं. तिला वाटायचं की हे ऐकून तो पुन्हा पेटेल, आणि ह्या वेळी कोणी त्याला वर जाण्यापासून वाचवणार नाही. चार शब्दांपायी सगळं घालवायचं का, असं ती स्वतःला विचारायची, आणि पुन्हा 'उद्या' म्हणायची.

एका संध्याकाळी तो बाकावर बसला होता आणि ती समोर उभी होती. खिडकीतला उजेड जवळजवळ संपला होता. त्याने विचारलं, आणि विचारताना तिचं मनगट धरलं. आवळलं नाही, नुसतं धरलं, आणि तोंड मिटून तिच्याकडे बघत राहिला. ती 'उद्या' म्हणणार होती. तोंडात आलेलं ते तिने गिळलं.

"घरी जायचं नाही, दादा," ती म्हणाली. "ते घर आता नाही आपलं. मी सोडलं. तू आता इथेच राहायचं."

ब्रदर वाटेच्या दुसऱ्या टोकाला थबकला. ठकीने डोळे मिटून घेतले नाहीत, एवढंच तिला जमलं. दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूच सरकत गेलं, दुःख म्हणावं तर तसं नाही. गाडी सुटली हे नक्की कळल्यावर माणूस सामान खाली ठेवतो, तसं. "असं होय," तो म्हणाला. "मग कोणीतरी सांगायचं नाही का." त्याने तिचा हात सोडला. इकडेतिकडे पाहिलं, भिंतीकडे, दारांकडे, आल्यापासून पहिल्यांदाच, जशी एखादी राहायची जागा बघतात तशी. मग म्हणाला, "इथेच राहायचं तर माणसांशी ओळख ठेवायला हवी." आणि तिच्याकडे वळून, अगदी अदबीने, "तुम्ही इथे कधीपासून आहात?"

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. "दादा, मी ठकी," ती म्हणाली. "तुझी बहीण."

त्याने तिला पाहिलं. घाई केली नाही. कपाळ, डोळे, केस, सगळं पाहिलं, मान तिरकी करून. "नाही हो," तो म्हणाला, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून आवाज जरा खाली आणला. "माझी बहीण लहान आहे."

ठकीने भिंतीवर हात टेकला. सांगावं का पुन्हा, सगळं, आईचं, शाळेचं, लग्नाचं? तो कदाचित मान्यही करेल, तिच्या समाधानासाठी. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, उघडे, निवांत. कित्येक महिन्यांत तिने ते इतके शांत पाहिले नव्हते. ती रडत होती, आणि रडतानाच तिच्या मनात एक विलक्षण उत्सुकता जागी झाली, की त्या मुलीला ह्याने पाहिलं होतं, आपण कधीच पाहिलं नाही. तिने डोळे पुसले.

"कशी आहे हो तुमची बहीण?" तिने विचारलं.

"हट्टी आहे," तो म्हणाला, आणि जरा सरकून त्याने तिला बसायला जागा करून दिली.